निजरा गहू

गहू झोपतो हे भारतीताई निकमांनी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.

का घेतल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरात तान्हं मूल निजलेलं असलं की पावलं आपोआप हलकी पडतात, तसं काहीतरी. फेब्रुवारीचीच दुपार, पण पारा अडतिसावर. संशोधन केंद्राच्या जाळीखालच्या दोन एकरांत गहू गुडघ्याच्या वर आलेला. बारा वाजले आणि एकेक पान कडेनं आत वळायला लागलं. पानाची सुरळी झाली, सुरळी देठाला टेकली, आणि मग सगळं रान खांदे पाडून एका अंगाला कललं. सुकलं म्हणावं तर हिरवंगार. वारा आला, जाळी फडफडली, गहू मात्र हलला नाही.

"माय वं! गेला का काय?" भारतीताई कुजबुजल्या.

"गेला नाही ताई, निजलाय," बांधावर बसलेली केंद्राची शास्त्रज्ञ डॉ. शर्वरी बच्छाव हसली. "ऊन उतरलं की उठेल."

सहाच्या सुमारास उठला. एकदम नाही. आधी पुढची ओळ, मग मागची, जशी पंगत उठते तशी.

*

निजण्याचं कारण असं.

दिवसा पान साखर बनवतं. रात्री झाड श्वास घेतं आणि त्यातली थोडी साखर जाळतं. रात्र गार असली तर श्वास संथ चालतो, साखर उरते, उरलेली दाण्यात उतरते. पण गेल्या काही वर्षांत गिरणा नदीच्या काठच्या रात्री गार होणं विसरल्या होत्या. गहू रात्रभर तापकऱ्यासारखा धापा टाकायचा आणि दिवसभराची साखर पहाटेपर्यंत जाळून मोकळा व्हायचा. दाणा जिऱ्यासारखा किडमिडा. आडगव्हाण गावात पोळी सणापुरती उरली होती.

डोंगरातल्या कातळावर एक शेवाळ असतं. उन्हाळाभर वाळून पडतं, बोटानं चुरलं तर भुगा होईल असं, आणि पाण्याचा थेंब पडला की तासाभरात हिरवं. शर्वरीनं त्या शेवाळातली निजण्याची कळ गव्हात बसवली. कळ म्हणजे तीन जनुकं. उष्णता एका हद्दीपलीकडे गेली की पहिलं श्वास मंद करतं, दुसरं पानं मिटवतं, आणि तिसरं एक वेगळीच साखर बनवतं. ती साखर पेशीच्या भिंतींना आतून अस्तरासारखी लागते, त्या ढासळत नाहीत. दुपार असो की रात्र, तापलं की गहू निजतो. निजलेला गहू धापा टाकत नाही.

चार हंगाम झाले, दाणा टपोरा भरत होता. तो अजून कुणी खाल्ला नव्हता. खायची परवानगीच नव्हती.

*

आता थोडं मागे जायला हवं, पहिल्या ग्रामसभेकडे. कारण भारतीताई अडकल्या त्या तिथे.

सरपंच दिनकरआप्पा देवरे. पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेले. बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायची सवय, जणू तिथं पत्ता लिहिलाय.

"मॅडम, हा खाल्ल्यावर काय होतं?" त्यांनी विचारलं होतं.

शर्वरीनं सांगितलं. उंदरांवरच्या चाचण्या, कुणाला पुरळ उठेल का याच्या चाचण्या, तव्यावर आणि पोटात त्या प्रथिनांचे कसे तुकडे होतात ते. "आजवर काही वाईट दिसलेलं नाही. पुढे कधीच दिसणार नाही, असं मी म्हणत नाही."

"बियाणं दरवर्षी तुमच्याच दारात येऊन मागायचं का?"

"नाही. घरचं ठेवता येईल. तशी अटच घालून घेतली आहे."

"बरं. आणि हा रानात सांडला तर?" आप्पा पुढे झुकले. "आपला गहू वाटेत सांडला, उगवला, तरी उन्हाळा त्याला मारतो. हा पठ्ठ्या निजून उन्हाळा काढणार. मेलाच नाही तर त्याला पीक कोण म्हणेल? आम्ही त्याला तण म्हणतो."

शर्वरीनं हातातले कागद मिटले. इतक्या गावांत तिच्या सभा झाल्या, पण नेमका प्रश्न एका पोस्टमास्तरानं विचारला होता.

"तेच तपासायचंय, आप्पा. म्हणून तर जाळी."

सभा नाही म्हणायच्या बेतात होती. तेवढ्यात भारतीताई उठल्या. केंद्रावर येण्याआधी अठरा वर्षं त्यांनी शाळेत खिचडी शिजवलेली. सभेत बसलेली निम्मी माणसं त्यांच्या हातचं खाऊन वाढलेली.

"गेटवर मी असणार आहे," त्या म्हणाल्या. "आतला एक दाणा बाहेर दिसला तर केंद्राला विचारू नका. मला विचारा."

गावानं केंद्रावर भरवसा टाकला नाही. भारतीताईंवर टाकला.

*

गेटवरची पाटी:

बाहेरचा दाणा आत नेऊ नये. डबा बाहेर ठेवावा.
आतला दाणा बाहेर नेऊ नये. खिसे, ओचे, बूट, केस झाडावेत.
हवेच्या खोलीत दोन मिनिटं उभं राहावं.
मोठ्या साहेबांनीही.

शेवटची ओळ भारतीताईंनी स्वतः खडूनं लिहिली होती. हवेच्या खोलीत चारी बाजूंनी झोत सुटायचे, बायकांचे पदर उडायचे, आणि खाली जाळीवर पडलेलं कुसळसुद्धा भारतीताई चिमट्यानं उचलून वाफेच्या भट्टीत टाकायच्या. एकदा दिल्लीहून आलेल्या पाहुण्याच्या मिशीत त्यांना तूस सापडलं होतं. त्यांनी त्याला मिशी धुवायला लावली.

*

चौथ्या हंगामाचा मार्च संपत आला होता. कापणी झालेली, मळणी झालेली. शर्वरीला सातवा सरून आठवा लागलेला. दुसऱ्या दिवशी ती बाळंतपणाला माहेरी जाणार होती. माहेर नदीच्याच काठी, पंधरा कोस खाली, नेरपिंप्रीला.

जाळीखाली पाच बायका होत्या. त्यातल्या एकीनं पिशवीतून हळूच खण काढला, दुसरीनं नारळ. हळदीकुंकवाची पुडी निघाली. पोटुशी लेक रिकाम्या ओटीनं निघते की काय!

"आणि गहू?" कुणीतरी विचारलं.

गहू कुणीच आणला नव्हता. बाहेरचा दाणा आत नेऊ नये.

शर्वरी जाळीच्या खांबाला टेकून बसली होती. पदर पुढे पसरलेला, पाय सुजलेले, चेहरा लहान मुलीसारखा. भारतीताईंच्या हाताशी सुपात गहू होता. जाडजूड, मधाच्या रंगाचा. त्यांचा हात सुपात गेला. खरं तर हातच गेला, भारतीताई मागून गेल्या. एक ओंजळ, दुसरी, पाच झाल्या. रीतीप्रमाणे शर्वरीनं ओटीतले चार दाणे उचलून त्यांच्या तळहातावर परत ठेवले, देणारीचं घर रितं राहू नये म्हणून. भारतीताईंनी ते तोंडात टाकले. सूप हाती असलं की चार दाणे चावून बघायचे, ही जन्माची सवय.

मग सगळ्या गेटवर आल्या. भारतीताईंनी एकेकीचे ओचे झाडले, केस झाडले, बूट उलटे करून आपटले. शर्वरी आली. तिनं ओटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. भारतीताईंनी हवेचा झोत बंद केला.

"तू जा, बाई. सांभाळून."

भरल्या ओटीला कुणी झाडतं का?

नियम मोडतोय असं त्यांना वाटलं नाही. शर्वरीला वाटलं नाही. पाचजणींपैकी एकीलाही वाटलं नाही. सूप सोडून पदरात पडल्यावर तो गहू उरलाच नव्हता, त्याची ओटी झाली होती.

*

स्वप्न

दुपारी जेवण झाल्यावर अंमळ डोळा लागला की रान आणि रानात सगळा गहू डोळे मिटून आणि भारतीताई मधून चाललेल्या आणि गव्हाचा श्वास ऐकू येतोय एक आत एक बाहेर त्याच लयीत त्यांचाही आणि कुठल्यातरी ओळीत कुणीतरी जागं आहे त्याला शोधायचंय हाक मारायची नाही हाक मारली तर सगळे उठतील

*

एप्रिलपासून गावात बोललं जायला लागलं, की निजऱ्या गव्हाचं स्वप्न पडतं. पिठाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर, बायकांच्या मोबाइलवरच्या गटात. कुणाला रान दिसलं, कुणाला गव्हाचे डोळे. भारतीताई हे ऐकायच्या आणि गप्प राहायच्या. आपलं स्वप्न त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"पण तुम्ही कुठं खाल्लाय तो गहू?" त्यांनी गिरणीत एका म्हातारबाबांना विचारलं.

"खायला कशाला पाहिजे? इथं रांगेत उभं राहिलं तरी कानातून जातो!" म्हातारबाबा म्हणाले. रांग हसली. भारतीताईही हसल्या, पण डबा उचलून लवकर निघाल्या.

*

पाऊस लांबला. जून सरत आला तरी नदी कोरडीच, मधेमधे डोह, बाकी गाळ आणि वाळू. आणि मग एका मेंढपाळानं काढलेला फोटो सगळीकडे फिरला. गिरणेच्या पात्रात, गाळाच्या पट्ट्यावर, भर उन्हात हिरवा गहू. पानं मिटून एका अंगाला कललेला.

खाली लिहिलं होतं: नेरपिंप्रीच्या खालच्या अंगाला.

सरकारी समिती आली. जाळी पाहिली, एका कोपऱ्यात वीतभर फाटलेली सापडली. पाखरांनी दाणे नेले असावेत, असा निष्कर्ष निघाला. जाळी दुहेरी करायची, आणि केंद्राच्या आसपासच्या झाडांवरची घरटी काढायची. कुणावरही ठपका नाही.

भारतीताईंनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. पाखरं पंधरा कोस उडतील, पण एकाच जागी एवढे दाणे कशी टाकतील?

त्यांनी शर्वरीला फोन लावला. मागे बाळ रडत होतं.

"बाई, ओटीतल्या गव्हाचं काय केलंस?"

"कुठल्या..." शर्वरी म्हणाली, आणि थांबली. बाळही नेमकं त्याच वेळी थांबलं. "ताई. आईनं आखाजीला गौराईच्या टोपलीत पेरला. ओटीतला गहू, शकुनाचा. माझ्यासमोर पेरला. मी रोज त्या टोपलीला पाणी घालत होते."

"आणि नंतर?"

"नंतर काय. गाणी म्हणत गेलो आणि डोहात सोडली गौराई."

अक्षय्य तृतीयेच्या या गौराईची रोपं मुळांसकट, मातीसकट पाण्यात जातात. एरवी त्या उन्हात चार दिवसांत त्यांचं वाळकं गवत होतं. धरणाचं पाणी सुटलं असेल, गठ्ठा गाळाला लागला असेल. बाकी सगळ्यातून तो निजून निघाला.

भारतीताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी सांगते," अखेर शर्वरी म्हणाली. "शास्त्रज्ञ मी आहे. मला कळायला हवं होतं." मग आवाज खाली आला. "पण ताई, समितीनं पाखरं म्हटलंय. आपण म्हणायला गेलो तर चाचणी बंद होईल. राज्यभरातल्या सगळ्याच. पुढच्या रात्री याहून गरम असणार आहेत, हे मला आकड्यांसकट दिसतंय. लोक खाणार काय?"

"आणि पाखरांची घरटी?"

पलीकडे बाळ पुन्हा रडायला लागलं.

"आपण गप्प राहिलो," भारतीताई म्हणाल्या, "तर जाळी दुहेरी होईल, आणि पुढच्या वर्षी आणखी कुणी पोटुशी गेटमधून जाईल. मी परत झोत बंद करीन. सांगते तुला, करीनच."

*

दुसरी ग्रामसभा. जे बोललं गेलं, ते असं.

आप्पा: समितीचा कागद आला आहे. पाखरं म्हणतात. मला कागद नको. ताई, तुम्ही म्हणाल ते आम्ही मानू. तसं ठरलं होतं.

भारतीताई: पाखरं नाहीत. मी बाहेर दिला.

मागून एक आवाज: दिला? विकला का?

भारतीताई: ओटीत घातला. शर्वरीच्या. पाच ओंजळी.

(बायकांच्या बाजूला बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.)

आप्पा: आठवण राहिली नाही?

भारतीताई: आठवण कशाची? मला तो गहूच वाटला नाही, आप्पा.

मागचा आवाज: बघा! गावाचा शब्द बायकांच्या हळदीकुंकवात गेला!

एक म्हातारी: ए, तुझ्या आईच्या ओटीत काय दगड घातले होते का रे?

(हशा. आप्पा हसले नाहीत.)

आप्पा: आणखी काही सांगायचंय, ताई?

भारतीताई: चार दाणे मी खाल्ले. कच्चेच.

आप्पा: मग?

भारतीताई: मग दुपारी स्वप्न पडतं. रानाचं. गव्हानं पडतं का शब्द मोडल्यानं, ते मला कळत नाही. शर्वरी म्हणते, चार दाण्यांनी काही होत नाही. मला पडतं ते मी सांगितलं.

आप्पा: गेटवर यापुढं तुम्हाला ठेवता येणार नाही.

भारतीताई: ठेवूच नका.

आप्पा: आणि चाचणीचं आम्ही वर कळवू. बंद करायची की नाही ते सभा नंतर ठरवेल. आधी नदीतलं निस्तरायचं. केव्हा ओंबी धरेल?

भारतीताई: धरायला लागलाय. दाणा भरायच्या आत, आणि पाणी यायच्या आत काढायला पाहिजे. नाहीतर पूर त्याला तापीपर्यंत नेईल.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आडगव्हाणच्या तीस-चाळीस बाया आणि दहा-बारा गडी ट्रॅक्टरांतून पात्रात उतरले. नेरपिंप्रीच्या बाया आधीच आल्या होत्या. आप्पा डोक्याला पंचा बांधून. शर्वरी बाळाला घेऊन, तिची आई छत्री धरून. आईचा चेहरा उतरलेला. तिनं भारतीताईंचा हात धरला आणि "शकुनाचा म्हणून..." एवढंच म्हणाली.

"मी काय वेगळं केलं?" भारतीताई म्हणाल्या.

गाळाच्या पट्ट्यावर गहू निजला होता. जाळीखालच्या ओळी इथं नव्हत्या. जिथं मूळ टेकलं तिथं, डोहाच्या कडेला, दगडांच्या आडोशाला, गाळात रुतलेल्या एका होडीच्या फळीत. काही ताटांच्या फुगलेल्या पोटऱ्यांतून ओंब्यांची टोकं डोकावत होती. पात्रात एवढी माणसं उतरली, पण आवाज कुणाचा येत नव्हता. प्रत्येक जण पाय जपून टाकत होता.

एका गड्यानं वाकून गव्हाच्या ताटाला हात घातला, ओढलं. कट्कन वरच्यावर तुटलं.

"थांबा!" शर्वरी म्हणाली. "निजलेल्याचा देठ ठिसूळ असतो. मूळ खालीच राहील आणि परत फुटेल. जागा होऊ दे त्याला."

"म्हणजे इथं बसून राहायचं?" आप्पांनी विचारलं.

"हो. ऊन उतरेपर्यंत."

मग एवढी माणसं कोरड्या नदीत, दगडांच्या सावलीला, गहू उठायची वाट बघत बसली. कुणी भाकरी सोडली. कुणी पुटपुटल्यासारखं गौराईचं गाणं म्हटलं, दोन कडव्यांवर थांबलं. शर्वरीच्या मांडीवर बाळ निजलं. वाळूवरून तापलेली हवा थरथरत वर जात होती आणि त्या थरथरीपलीकडे हिरवा गहू पाण्यात असल्यासारखा दिसत होता. भारतीताईंचे डोळे जड झाले. त्यांनी मिटू दिले नाहीत. हे रान त्यांना जागेपणी पाहायचं होतं. एकेक ताट कुठं आहे, ते त्या डोळ्यांनी लावून ठेवत होत्या.

"ताई," आप्पा शेजारी येऊन बसले, "माझी नात पोळीसाठी रडते. हे मी सभेत बोलत नाही."

"माहीत आहे."

"मी चुकतो का?"

"तण म्हणालात ना, ते बरोबर होतं," भारतीताई म्हणाल्या. "आणि तिचा गहूही बरोबर आहे. दोघांच्या मधल्या गेटवर मी होते."

सहाला सावल्या लांबल्या. पहिलं पान हललं. मग दुसरं. देठ ताठ झाले, सुरळ्या सैल पडल्या, ओंब्यांनी माना वर केल्या. बायांपैकी कुणीतरी नकळत हात जोडले आणि मग पदर खोचला.

मग काढायला लागले. मुळाशी बोटं घालून, माती हलवून, सबंध. पोत्यांत भरायचा, पोतं शिवायचं, ट्रॅक्टरवर चढवायचं, वाफेच्या भट्टीला न्यायचं. भारतीताई पुढे होत्या. त्यांनी हातानं दाखवावं आणि बायांनी वाकावं. होडीच्या फळीतलं ताट त्यांनी स्वतः काढलं. ते सहज आलं, मूळ पांढरं, ओलं.

दिवस मावळायला टेकला तेव्हा पट्टा मोकळा दिसत होता. खाली नदी वळण घेत होती. वळणापलीकडे आणखी एक पट्टा, त्यापलीकडे आणखी.

आप्पा कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. गावाकडून फोन येत होता. त्यांनी तो हातात धरला आणि भारतीताईंच्या कपाळाकडे न बघता डोळ्यांकडे बघितलं.

"काय सांगू? सगळा निघाला म्हणू?"

"नका म्हणू."

"मग?"

"दिसला तेवढा काढला म्हणा. उद्या वळणाच्या खाली जाणार आहे. परवा त्याच्या खाली."

"आणि कुठवर?"

"ते मला सांगता येणार नाही, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. फोन कानाला लावला, "दिसला तेवढा काढला," म्हणाले, आणि ठेवून दिला. मग ते खाली वाकले. त्यांच्या पायाशी, दोन दगडांच्या फटीत, सगळ्यांच्या नजरेतून सुटलेलं एक ताट होतं. त्याचं शेवटचं पान अजून अर्धं मिटलेलं. आप्पांनी हात पुढे केला, आणि ते पान पुरतं उलगडेपर्यंत तसाच धरून ठेवला.